लाल शाई आणि डावी पोटरी

माझ्या थोरल्या वहिनीने कुणाचं तोंडावर कौतुक केलेलं मी आयुष्यात एकदाच ऐकलं, आणि ती बाई तेव्हा शुद्धीवर नव्हती. बायकांच्या वॉर्डातली सहा नंबरची पेशंट, भुलीतून बाहेर यायची होती. वहिनी तिचे केस विंचरत पुटपुटत होती, काय केस आहेत गं तुझे, जप त्यांना. तासाभराने बाईने डोळे उघडले तेव्हा वहिनीचं पहिलं वाक्य असं, की झाली झोप, आता पाय हलवा, मी जन्मभर इथे उभी राहणार नाही.

उभी मात्र राहिली. त्याच वॉर्डात एकवीस वर्षं, मधलं एक सोडलं तर. कागदावर तिचं पद 'परिचर्या सहायक', पेशंटच्या तोंडी 'मावशी', आणि तिच्या पाठीमागे जे म्हणत ते मी इथे लिहीत नाही, देवाने मला ही रोजची वही तेवढ्यासाठी दिलेली नाही. काम म्हणजे अंग पुसायचं, कुशी बदलायच्या, भांडं द्यायचं आणि न्यायचं, लघवीची पिशवी मोजून रिकामी करायची, ताप-नाडी घ्यायची, आणि पलंगाच्या पायथ्याशी लटकवलेल्या चार्टवर काय दिसलं ते लिहायचं. हे शेवटचं काम तिच्या नाकावरच्या रागाचं घर होतं. कारण त्या चार्टखाली सही करायला येणारी वॉर्डची इन्चार्ज सिस्टर म्हणजे माझी धाकटी वहिनी, तिची सख्खी जाऊ. आणि दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

मी दोघींची नणंद. घर सांभाळते. सकाळी देवाचं झालं की दिवा शांत व्हायच्या आत वहीत चार ओळी लिहिते, ही तीस वर्षांची सवय. इथे लिहिलेल्या वेळा त्या वहीतल्या आहेत. आठवणीवर सोडलं असतं तर मी दोघींपैकी एकीला नक्की चांगली ठरवली असती.

धाकटीला या घरात आणली थोरलीनेच. नर्सिंगची शेवटच्या वर्षाची मुलगी होती, काटकुळी, पण हात विजेसारखे. थोरलीने महिनाभर तिला सुई टोचताना पाहिलं आणि घरी येऊन माझ्या धाकट्या भावाला सांगितलं की तुझं लग्न ठरवून आलेय, मुलीला अजून माहीत नाही. लग्न झालं, आणि ती त्याच वॉर्डात सिस्टर म्हणून लागली. वर्ष-दीड वर्ष दोघी एकाच डब्यातून जेवायच्या.

मग ते सुताराच्या बायकोचं झालं. पोटाचा आजार, बाई हळूहळू विझत चाललेली. डॉक्टर रोज नवऱ्याला सांगत, प्रकृती स्थिर आहे. सुतार तो शब्द घेऊन घरी जायचा आणि मुलांना शाळेत पाठवायचा. एका दुपारी त्याने थोरलीला विचारलं, घरी कधी सोडतील. थोरली म्हणाली, आज मुलांना घेऊन या. तो घेऊन आला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई गेली. धाकटीने लेखी तक्रार केली, की मदतनीस बायकांनी नातेवाइकांना आजाराचं भाकीत सांगणं नियमात बसत नाही. थोरलीला वर्षभर बाह्यरुग्ण विभागात केसपेपर लावायला बसवलं.

धाकटीचंही अगदीच चुकलं होतं असं नाही. त्याआधी महिनाभर दुसऱ्या एका मावशीने असंच कुणाला तरी सांगून टाकलं होतं, सगळं गणगोत रडत गोळा झालं आणि पेशंट चौथ्या दिवशी चालत घरी गेला. पण तक्रार कागदावर झाली, तोंडाने आधी एक शब्द नाही, हे थोरलीच्या जिव्हारी लागलं. सुताराने पुढे तिला एक स्टूल करून आणून दिलं. ते तिच्या स्वयंपाकघरात आहे. धाकटी घरी आली की थोरली मुद्दाम त्याच्यावर बसते.

वर्षाने ती वॉर्डात परतली तेव्हापासून दोघींचा सगळा व्यवहार चार्टवर. थोरली निळ्या पेनाने लिहायची, धाकटी लाल पेनाने कापायची. 'घामाने निथळतेय, चादर दोनदा बदलली.' खाली लाल: 'डायफोरेसिस लिहा.' 'पाणी प्यायलं की ठसका, दोनदा नाकातून आलं.' खाली लाल: 'डिस्फेजिया.' एकदा थोरलीने लिहिलं, 'पेशंट घाबरलीय कारण सिस्टर ओरडल्या.' त्याखाली लाल शाईने इतक्या जोरात रेघ होती की कागद फाटला होता. घरी सणवाराला, बारशा-लग्नाला एकत्र आल्या तरी हेच, फक्त चार्टच्या जागी आमची आई. आई, कुणाला तरी अजून भाजी हवीय का विचारा. आई, कुणाला तरी सांगा पोट भरलंय. आई दोघींकडे बघत म्हणायची, मी काय टेलिफोनची तार आहे का गं?

मागच्या वर्षी रुग्णालयाने नवा चार्ट काढला. ठरवणाऱ्या समितीत धाकटी होती. आधी शेऱ्यासाठी तळहाताएवढी जागा असायची, आता काड्यापेटीएवढा चौकोन. एक निरीक्षण, एक शब्द, आणि तो शब्द वैद्यकीय. यालाही कारण होतं. शेऱ्यांमध्ये मावशा काहीही लिहीत. पेशंटचं सुनेशी भांडण तीन ओळी आणि त्यात मध्येच कुठेतरी लघवीत रक्त दिसल्याचं अर्धं वाक्य. एका डॉक्टरच्या नजरेतून ते अर्धं वाक्य निसटलं आणि निस्तरायला आठवडा गेला. म्हणून साठ शब्दांची छापील यादी वाटली, तीन महिन्यांनी तोंडी परीक्षा. शिकवणार धाकटी, परीक्षा घेणार धाकटी. जी मावशी नापास होईल तिची बदली तळघरातल्या धुलाई विभागात.

थोरलीने ती यादी माझ्या ओट्यावर आपटली. म्हणाली, वन्सं, ही बाई मला चादरी धुवायला पाठवणार, मी लिहून देते.

चेष्टेने बोलत होती पण पापणी लवत नव्हती. मला समजलं होतं काय पणाला लागलंय ते. मोठा भाऊ गेल्यापासून तिला घर म्हणजे झोपायची जागा होती. तो वॉर्ड, ते चोवीस पलंग, तिथल्या बायकांना टोचून बोलणं आणि त्यांच्या टाचांना तेल लावणं, यापलीकडे तिच्याकडे काही नव्हतं. तळघरात माणूस नसतो, नुसती यंत्रं आणि वाफ.

मग रोज सकाळी अकराला ती माझ्याकडे यायची, दोनच्या ड्यूटीआधी. मी भाजी चिरता चिरता शब्द वाचायचे, ती उत्तर द्यायची. पहिल्या आठवड्यात एकही येईना. डोकं म्हणजे गळकी बादली झालंय म्हणाली. मग तिने स्वतःची एक रीत काढली. शब्द ऐकला की अर्थ सांगायचा नाही, पेशंट सांगायची.

डिस्पनिया म्हटलं की म्हणायची, खिडकीकडची शिक्षिका, एक वाक्य पुरं करायला तीनदा श्वास घ्यायची पण मला 'बोलताना न आणि ण नीट म्हणा' सांगायला दम शिल्लक असायचा. म्हणजे धाप. सायनोसिस म्हटलं की, दूधवाल्याची आई, ओठ जांभळे, नखं जांभळी, आणि म्हणे मला थंडी वाजतेय एवढंच. म्हणजे रक्तात हवा कमी पडून अंग निळं होणं. एडिमा म्हटलं की सोनाराची बायको. अंगावर सूज इतकी, की बोटातली अंगठी रुतून बसली आणि ती कापायला सोनारालाच बोलवावं लागलं. रडत कापली बिचाऱ्याने, आणि कापताना म्हणाला, घडवताना एवढा वेळ लागला नव्हता. पायावर अंगठा दाबला तर मळलेल्या कणकेत पडावा तसा खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा.

मी हे सगळं वहीच्या मागच्या पानांवर उतरवून घेत गेले. पुढून जप आणि दिवसाचं, मागून तिचे पेशंट. हळूहळू मला सवय लागली, संध्याकाळी देवापुढे बसले की मागचं पानही उघडायचं आणि त्या बायकांसाठी एकेक करून हात जोडायचे. नावं नव्हतीच. सोनाराची बायको, दूधवाल्याची आई, खिडकीकडची शिक्षिका. देवाला पत्ता लागला असेल. थोरलीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तुमचा देव माझ्यापेक्षा उशिरा ड्यूटीवर येतो वाटतं, निम्म्या केव्हाच गेल्या. मी दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले.

परीक्षेला पंधरा-सोळा दिवस राहिले असताना आमची आई न्हाणीघरात घसरून पडली. वय अठ्ठ्याहत्तर, डाव्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आणि तिला नेमक्या याच वॉर्डात अकरा नंबरवर आणलं. दोन सुना एका वॉर्डात म्हणजे केवढं भाग्य, असं शेजारच्या पलंगावरची बाई म्हणाली. आई म्हणाली, बघालच.

शस्त्रक्रियेनंतरचा तिसरा दिवस. वहीत वेळ आहे, तीन वाजून दहा मिनिटं. मी पलंगाशेजारी माळ घेऊन बसले होते. थोरलीने पडदा ओढला आणि आईचं अंग पुसायला घेतलं. आईचं चालूच होतं, पाणी गार आहे, हात खरखरीत आहेत, माझ्या मुलाने काय बघून केली तुला. थोरली म्हणत होती, आंधळा होता तो, तुमच्यावर गेला होता. डाव्या पायाशी आल्यावर तिचं बोलणं थांबलं. पोटरीवर पालथा हात ठेवला. मग उजव्या पोटरीवर. परत डाव्या. खिशातून बँडेजची पट्टी काढून एका पोटरीभोवती गुंडाळली, तिथे चिमटीत धरली आणि दुसऱ्या पायाला लावून पाहिली. दोन बोटांचा फरक.

मला म्हणाली, गरम आहे. आणि हात लावला की ओठ चावतायत बघा. आई म्हणाली, मी कशाला ओठ चावू, आणि चावला.

थोरलीने चार्ट काढला, पेन काढलं. धाकटी तिच्या टेबलाशी बसली होती, पडद्याच्या फटीतून दिसत होती. दहा पावलं असतील. थोरलीने त्या चौकोनाकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. जुना चार्ट असता तर तिने काय लिहिलं असतं ते मला आज पाठ आहे: डावी पोटरी दोन बोटं जाड, गरम, दाबलं की दुखतं. त्याऐवजी तिने सावकाश, शाळेतल्या मुलीसारखं, चौकोनाच्या आत लिहिलं, 'एडिमा, डावा पाय.' आणि चार्ट माझ्यापुढे धरला. बरोबर आहे का, असं भुवईनेच विचारलं. त्या सकाळीच तो शब्द मी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतला होता.

मी शाबास म्हणाले. वहीत तेही आहे.

चार वाजता धाकटी फेरीला आली. चौकोनात पाहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा कापण्यासारखं काही नव्हतं. तिच्या तोंडाचा कोपरा जरासा हलला, ते समाधान होतं की आणखी काही, मला सांगता यायचं नाही. डाव्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली की डाव्या पायाला थोडी सूज असायचीच, हे मला तिने नंतर सांगितलं. लाल सही केली आणि बारा नंबरकडे गेली. चादर उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईला चमच्याने सूप भरवत होते. आई मला म्हणत होती, तुझा हात म्हणजे, तुला लहानपणापासून, आणि थांबली. आधी वाटलं विसरली. पण माझ्या आईने शिव्या अर्ध्यावर सोडलेल्या मी पाहिलेल्या नाहीत. तिच्या तोंडाकडे पाहिलं तर ओठांचा रंग गेला होता आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मला पहिल्यांदा आठवली ती खिडकीकडची शिक्षिका, मग दूधवाल्याची आई. मी हाक मारायच्या आत थोरली येऊन पोचली होती. तिने पलंगाचं डोकं वर केलं आणि वॉर्डभर ऐकू जाईल असा डॉक्टरांना आवाज दिला. तोंडावर ऑक्सिजन, दोन डॉक्टर, चाकांवरचा पलंग, आणि अकरा नंबर रिकामा.

पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला होता.

अतिदक्षता विभागाबाहेर लांब बाकडं आहे, त्यावर मी आणि थोरली बसलो होतो. आतून धाकटी आली, हातात आईचा चार्ट. डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, काल सूज लिहिलीय, ती एकाच पोटरीला होती का, गरम होती का, दुखत होती का. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती आमच्यासमोर उभी राहिली आणि तोंडातून शब्द न काढता तिने चार्ट थोरलीपुढे धरला, त्या चौकोनावर बोट ठेवलं.

थोरलीने तिच्याकडे पाहिलंच नाही. मला म्हणाली, "वन्सं, सांगा हिला. शब्द बरोबर आहे."

माझ्या सख्ख्या आईच्या जिवाशी खेळ चालला होता आणि या दोघी माझ्या तोंडून भांडत होत्या. त्या दिवशी माझ्या मनात दोघींबद्दल जे आलं ते वहीत लिहून मी दुसऱ्या दिवशी खोडलं. खोडलेलं वाचता येतं.

आई आठ दिवस आत होती. रक्त पातळ करायची औषधं, नळ्या, यंत्रांचे आवाज. देवाने ठेवली. नवव्या दिवशी मास्क काढला तेव्हा पहिलं वाक्य पुरं केलं, श्वास घेत घेत: दोघी मिळून मला पोचवायला निघाल्या होत्या, लग्न झाल्यापासून एकत्र केलेलं हे पहिलंच काम.

मेट्रनबाईंनी चौकशी लावली. परीक्षेच्याच दिवशी, परीक्षा संपल्यावर. त्या दुपारी पलंगाशी मी होते म्हणून मलाही बोलावलं. आदल्या संध्याकाळी मी देवापुढे बराच वेळ बसले. थोरलीला पोटरी गरम लागली होती, दुखतेय हे कळलं होतं, आणि तिने ते लिहिलं नाही, सांगितलंही नाही. हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मी बोलले तर तिचा वॉर्ड गेला. नाही बोलले तर सगळं धाकटीवर जाणार, सही तिची होती. सकाळी जिन्यात थोरली भेटली तेव्हा मी विचारलं, वहिनी, काय सांगू. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सुटे पैसे मागितलेत. म्हणाली, "रोज देवापुढे बसता ना? मग मला कशाला विचारता."

मेट्रनबाईंच्या खोलीत एक लांब टेबल, भिंतीवर ड्यूटीचे तक्ते, कोपऱ्यात लोखंडी कपाट. टेबलाच्या एका अंगाला मेट्रनबाई आणि धाकटी. मी लवकर पोचले म्हणून मला दाराजवळच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. एकेक मावशी आत येत होती. थोरली सहावी. धाकटी यादीत डोकं घालून शब्द वाचत होती, थोरली मेट्रनबाईंकडे बघून उत्तर देत होती. मध्ये मी नव्हते म्हणून मेट्रनबाई होत्या, एवढंच. पण थोरलीची उत्तरं पुस्तकातल्यासारखी होती. एकही पेशंट नाही, नुसते अर्थ. धाप. घाम. गिळायला त्रास. लघवीत रक्त. त्वचा लाल होणं. चाळीस शब्द झाले, त्यात दोन चुकले. मेट्रनबाई मान हलवत होत्या. पास व्हायला अठ्ठेचाळीस लागत होते.

एक्केचाळिसावा शब्द धाकटीने वाचला. "एडिमा."

थोरलीने उत्तराऐवजी धाकटीच्या हातातल्या यादीकडे पाहिलं. मेट्रनबाई म्हणाल्या, हा तर सोपा आहे.

"सोपा आहे," थोरली म्हणाली. "सूज. शरीरात पाणी साठून येणारी सूज. हा शब्द मी माझ्या सासूच्या चार्टवर लिहिला. त्यात गरम नव्हतं. त्यात दुखतं नव्हतं. एकच पाय नेमका पोटरीला जाड, तेही नव्हतं. मला तिन्ही गोष्टी माहीत होत्या, हाताला लागल्या होत्या. चौकोनात मावलं नाही म्हणून नाही लिहिलं असं सांगता येईल, पण तसं नाही. चार्टचं मागचं पान कोरं होतं."

मेट्रनबाईंनी पेन खाली ठेवलं. मी मांडीवरची वही घट्ट धरली.

धाकटीने यादीतून मान वर केली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ जावेकडे पाहून बोलली. "दहा पावलांवर होते मी. तोंडाने का नाही सांगितलंत?"

"अकरा वर्षं माझं कापत आलीस तू. म्हटलं, एकदा तुझ्याच शब्दात तुझ्या हातात देऊन बघावं, चादर उचलतेस का ते."

"माझी परीक्षा घ्यायला आई सापडल्या तुम्हाला."

"हो," थोरली म्हणाली. "तेवढं माझं. आणि चादर?"

खिडकीबाहेर कुणीतरी रिकामी ट्रॉली ढकलत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. धाकटीने यादी टेबलावर ठेवली. मग मेट्रनबाईंकडे वळून म्हणाली, "नाही उचलली. शब्द बरोबर होता म्हणून नाही उचलली. तोच शब्द चुकला असता तर भांडायला म्हणून तरी उचलली असती."

पेन परत उचलून मेट्रनबाई म्हणाल्या, पुढचा शब्द. धाकटीने वाचला, थोरलीने सांगितला. एकोणीस शब्द असेच झाले, दोघी जणी भिंतीला बोलल्यासारख्या. साठात सत्तावन्न. धाकटीने आकडा लाल शाईने लिहिला, एकही कमी केला नाही, मी बघत होते.

नंतर माझी पाळी आली. मी वही उघडून तीन वाजून दहा मिनिटांपासून सगळं वाचून दाखवलं, शाबासकीसकट. मेट्रनबाईंनी विचारलं, तुम्ही शाबास का म्हणालात. मी म्हणाले, शब्द पाठ झाला म्हणून. ते ऐकून त्यांनी जे काही तोंड केलं त्यावरून मला कळलं की पाप वाटून घ्यायला तिसरीही होती.

निकाल असा लागला. दोघींच्या नोंदपत्रात एकेक ताकीद. आपल्या घरच्या पेशंटला दोघींनीही हात लावायचा नाही, कायमचं. आणि परीक्षा पास असल्यामुळे थोरली वॉर्डातच. मेट्रनबाई म्हणे तिला एवढंच बोलल्या, की न विचारता सांगितलंत म्हणून इथे आहात, विचारल्यावर सांगितलं असतंत तर तळघरात असता.

गोड झालं सगळं असं कुणी समजू नये. आई घरी आली त्या दिवशी दोघी भेटायला आल्या, वेगवेगळ्या वेळी, आणि वेळ चुकून जिन्यात समोरासमोर आल्या तेव्हा धाकटी वरच्या मजल्यावर जाऊन उभी राहिली, जिथे तिचं काहीही काम नव्हतं. परत गुठळी होऊ नये म्हणून घालायच्या घट्ट मोज्यांवरून थोरली आईला टोचून बोलली, आईने काठी उगारली. मी दोघींना चहा दिला. धाकटीला आईने विचारलं, थोरलीशी बोलतेस का आता. धाकटी म्हणाली, बोलले ना एकदा.

परवा सकाळी थोरली आली. आता शब्द पाठ करायचे नाहीत, तरी अकराला येते. सुरी घेऊन भाजी चिरायला बसली आणि लगेच तक्रार सुरू. नवा चार्ट बदललेला नाही, हजारोंनी छापलाय, चौकोन तेवढाच आहे. म्हणून आता ती चौकोनात त्यांचा शब्द लिहिते आणि पान उलटून मागे स्वतःचं. किती जाड, किती गरम, कशाने रडली, रात्री कुणाला हाका मारल्या, सगळं.

मी म्हणाले, मग बरंच झालं की.

"कसलं बरं," थोरली म्हणाली. "मेली उलटून मागेही सही करते. वेळ घालून. 'पाहिलं, चार वीस.' मला मागची जागासुद्धा मोकळी सोडली नाही हिने."

आणि चिरलेली भाजी तिने पातेल्यात टाकली, मी सांगायच्या आधी. त्या संध्याकाळी मी वहीचं मागचं पान उघडलं आणि पहिल्यांदाच त्या बायकांच्या शेवटी दोघींनाही बसवलं. एकमेकींशेजारी नाही, मध्ये एक ओळ सोडून.